‘आत काही नाही हो!’

पुण्यात पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं याची यादी घरोघर ठरलेली असते. दगडूशेठ, तुळशीबाग, पर्वती, सिंहगड, आणि परत जाताना पिशवीत बाकरवडी. शनिवारवाडाही या यादीत असतो, पण एका सूचनेसकट: रिक्षा थांबवा, दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढा आणि पुढे चला, कारण ‘आत काही नाही हो!’ हे सांगणारा बहुधा पुणेकरच असतो आणि खोदून विचारलंत तर कबूल करतो, की शाळेच्या सहलीनंतर तो स्वतः आत गेलेला नाही. सल्ला न ऐकता तिकीट काढून आत गेलेला पाहुणा वीस मिनिटांत बाहेर येतो आणि तेच म्हणतो. दोघांचं एकमत होतं. पुण्यात एकमत ही इतकी दुर्मीळ चीज आहे, की झालं म्हणजे ते खरंच असणार असं लोक धरून चालतात.

मला या एकमताचा मनस्वी कंटाळा आला आहे.

तरी त्या मताची बाजू आधी पुरती मांडतो, मागाहून तक्रार नको. म्हणणं असं: राजवाडा बघायला माणूस जातो तो राजवाडा दिसावा म्हणून. इथे चारी बाजूंनी तट, पाच दरवाजे, मधे हिरवळ आणि पायरीएवढी जोती. छप्पर नाही, सिंहासन नाही, झुंबर नाही, काचेच्या कपाटातली तलवार नाही. अमुक महाल इथे होता, तमुक दिवाणखाना तिथे होता असं सांगणाऱ्या पाट्या आहेत. पण पाट्याच वाचायच्या तर घरी पुस्तक काय वाईट? त्यापेक्षा जयपूरला जा, उदयपूरला जा, म्हैसूरला जा. राजे कसे राहत ते डोळ्यांनी दिसतं. त्या लोकांनी आपला वारसा जपला, आपल्या लोकांना ती अक्कल नव्हती. तेव्हा एकतर वाडा होता तसा पुन्हा उभारा, नाहीतर त्याची बाग झाली आहे हे मान्य करा. आणि अगदीच काही थरार हवा असेल तर पौर्णिमेच्या रात्री तटाशी जाऊन उभे राहा, ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं म्हणतात.

यातला एकेक मुद्दा घेऊ. ‘त्यांनी जपलं’ हा आधी, कारण शहाणपणाचा सगळ्यात मोठा आव तोच आणतो.

म्हैसूरचा जो राजवाडा बघून आपण तोंडात बोट घालतो, तो १९१२ साली पुरा झाला. १८८५ च्या फर्ग्युसन कॉलेजपेक्षा तो तरुण आहे. त्याचा आराखडा हेन्री आयर्विन या इंग्रज वास्तुविशारदाने केला. त्याच्या आधीचा लाकडी राजवाडा १८९७ साली घरच्या लग्नसमारंभात आग लागून गेला. म्हणजे शनिवारवाड्याचं १८२८ मध्ये जे झालं तेच त्याचंही झालं. फरक एवढाच, की म्हैसूरची आग विझली तेव्हा तिथलं राजघराणं जागेवर होतं आणि खजिनाही होता. पुण्यातली आग विझली तेव्हा वाड्याचा धनी दुसरा बाजीराव बिठूरला गंगाकाठी बसून वर्षाला आठ लाखांची पेन्शन खात होता आणि वाडा कंपनी सरकारच्या ताब्यात होता. पुन्हा बांधायचा कोणी? कलेक्टरसाहेबांनी?

जोधपूरचं उमेद भवन १९४३ सालचं. दुसरं महायुद्ध चालू असताना ते पुरं झालं. त्याला प्राचीन वैभव म्हणायचं तर दादरमधल्या कित्येक चाळीही प्राचीन ठरतील. ग्वाल्हेरचा जयविलास १८७४ चा, बडोद्याचा लक्ष्मीविलास १८९० चा. हे दोन्ही तर आपलेच; शिंद्यांचा आणि गायकवाडांचा. एके काळी ही दोन्ही घराणी पेशव्यांच्या सरदारांत मोडत होती. आज सरदारांच्या महालांना झुंबरं आहेत आणि पेशव्यांच्या वाड्याला छप्पर नाही. याचं कारण झाडलोट करण्याच्या सवयीत शोधणाऱ्यांना मी काय सांगू? कारण तहनाम्यांत आहे.

आमेर, उदयपूर हे महाल खरोखरच जुने आहेत, मान्य. पण ते कसे टिकले? उदयपूर, जोधपूर आणि जयपूर या तिन्ही दरबारांनी १८१८ साली कंपनीशी तह केले. अंतर्गत राज्य आमचं, वरची सत्ता तुमची, आणि आम्हाला संरक्षण द्या. संरक्षण कोणापासून? पेंढाऱ्यांपासून आणि मराठ्यांपासून! त्या दरबारांना चौथाईच्या वसुलीसाठी ज्या फौजा नको नको करून सोडत, त्या आपल्याच होत्या. हे ठाऊक नसलेला आपला मराठी पर्यटक उदयपूरच्या सज्जात उभा राहून बायकोला म्हणतो, ‘बघ, या लोकांनी कसं जपलं!’ त्यांनी जपलं ते आपल्यापासून, महाराज.

इथे कोणी हुशार माणूस म्हणेल, की सही तर दुसऱ्या बाजीरावानेही केली होती, १८०२ मध्ये, वसईला. केली होती ना. इंग्रजांच्या कुबड्या घेऊनच तो पुण्यात परतला. पण पुढे ती सही त्याला सोसवेना आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली. स्वतः पेशवे पर्वतीवरून बघत होते आणि लढत होते बापू गोखले, हा तपशील कोणाला सुखावणारा नाही. तरीही लढाई झाली आणि हरली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. तो बाळाजीपंत नातूंच्या हातून चढला, हेही सुखावणारं नाही. मग तिथे कैदखाना झाला, दवाखाना झाला, वेड्यांचं इस्पितळ झालं. अकरा वर्षांत आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. या देशात ज्यांचं छप्पर शाबूत राहिलं त्यांतल्या बहुतेकांनी त्याची किंमत मोजलेली आहे, आणि ज्यांचं गेलं त्यांनीही मोजलेली आहे. शनिवारवाड्याचं रिकामपण हा त्या हिशेबाचा उघडा कागद आहे. तो वाचायचा सोडून लोक विचारतात, झुंबर कुठे आहे?

सिंहासनाचं म्हणाल तर ते शोधणंच चूक. पेशवे राजे नव्हते. छत्रपतींची गादी साताऱ्याला होती आणि शनिवारवाडा हे छत्रपतींच्या मुख्य प्रधानाचं घर होतं, आणि घराहूनही अधिक, कचेरी. इथून पत्रं सुटत, इथे हिशेब येत, फौजांचे पगार इथे ठरत आणि बहुतेक वेळा इथेच थकत. ज्याला इंग्रजांच्या काळातल्या संस्थानिकांचे महाल बघून राजवाड्याची व्याख्या पाठ झाली आहे, त्याला हा वाडा रिकामा वाटणारच. पण कचेरीचा खरा ऐवज कागद असतो, आणि कागद जळाले नाहीत. पेशव्यांचं दफ्तर त्याआधीच इंग्रजांनी ताब्यात घेतलं होतं. ते आजही पुण्यातच आहे. त्यातले निवडक कागद रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पंचेचाळीस खंडांत छापून काढले. पंचेचाळीस! कोण कोणाला काय म्हणालं, कोणत्या मोहिमेला कोण निघालं, कोण कर्जात बुडालं, कोणी कोणाची चुगली केली, सगळं आहे. भारतातल्या किती झुंबरवाल्या महालांबद्दल इतकं काही छापून पडलेलं आहे? ज्या घराची रोजची कुरबूरसुद्धा आपल्याला ठाऊक आहे, त्या घराच्या जोत्यावर उभं राहून ‘इथे काही नाही’ म्हणायला खास प्रकारचं अज्ञान लागतं. नुसतं अज्ञान पुरत नाही, त्याला थोडा तोराही लागतो.

आता आत काय आहे ते बघू. तटापासूनच. खालचा भाग दगडाचा, वरचा विटांचा, हे लांबूनही दिसतं. असं का, म्हणून विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. सगळे दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांशी फोटो काढण्यात गर्क. सांगतात ते असं, की दगडी कोट बांधण्याचा मान राजाचा, प्रधानाचा नव्हे, अशी साताऱ्यास कुरबूर झाली आणि उरलेलं काम विटांत झालं. ही हकिकत अक्षरशः खरी असो वा मागाहून रचलेली, प्रधान आणि छत्रपती यांच्यातला सगळा अवघड संबंध त्या दोन रंगांच्या भिंतीत लोकांनी वाचला, एवढं तर नक्की. झुंबर बघून इतकं काय कळतं?

दिल्ली दरवाज्यातून शिरलं की वाट सरळ जात नाही, काटकोनात वळते. हत्तीने धडक देऊन दार फोडलंच, तरी मागून येणाऱ्या लोंढ्याला सरळ धावता येऊ नये, हा त्यातला हिशेब. म्हणजे इथे घर बांधणाऱ्याला शेजाऱ्यांचा भरवसा नव्हता. पुढे चौकांची जोती लागतात. लोक ती ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर जातात आणि डबा उघडतात. त्यांना कोणी तरी सांगायला हवं, की ज्यावरून तुम्ही उडी मारून गेलात तो घराचा नकाशा होता, आणि तोही मूळ मापाचा, जागेवरचा. शाबूत महालात नकाशा कधी दिसत नाही. तिथे गाईड नेईल त्या दालनातून त्या दालनात आपण जातो आणि बाहेर आल्यावर कोणतं कुठे होतं ते सांगता येत नाही. इथे सज्जातून खाली वाकून बघितलं, की चौकाला चौक कसा लागून होता आणि माणसांची ये-जा कुठून कुठे होत असेल, ते एका नजरेत येतं. पाच दरवाज्यांना पाच वेगवेगळी कामं होती. गणेश दरवाज्याने बायका कसबा गणपतीच्या दर्शनाला जात. नारायण दरवाज्याला ते नाव का पडलं, त्याकडे पुढे येतोच.

आणि हजारी कारंजं. सोळा पाकळ्यांचं कमळ, सवाई माधवरावासाठी केलेलं. ‘हजारी’ हा आपल्या लोकांचा नेहमीचा उदारपणा. तोट्या दोनशेच्याही आत आहेत. पर्यटक कारंज्यात पाणी नाही म्हणून नाक मुरडतो आणि पुढे जातो. अरे, पाणी आज नाही याचं नवल की तेव्हा होतं याचं? पंप नाही, वीज नाही. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधले आणि तिथून दहाएक किलोमीटर जमिनीखालून नळ काढून नुसत्या उतारावर पाणी शहरात आणलं. ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडात अजून आहेत, हौद कशाचे ते विसरून. त्या पाण्याचं एक टोक या वाड्यात होतं. कोरडं कारंजं बघताना ज्याच्या डोक्यात कात्रजचा डोंगर येत नाही, त्याला चालू कारंजं दाखवूनही उपयोग नाही. तो त्यापुढे उभा राहून रील काढेल.

लाकडाचं काय? वाडा मुळात सागवानाचा. साग जुन्नरच्या रानातला, दगड चिंचवडच्या खाणींचा, चुनकळी जेजुरीकडची. जळण्यासारखं होतं ते जळालं आणि न जळणारं उरलं. त्यात वाड्याचा अपराध काय? खांब, तुळया, केळफुलं, महिरपी बघण्याची हौस असेल तर दहा-पंधरा मिनिटं चालत विश्रामबागवाड्यापर्यंत जा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला आहे. दर्शनी लाकडी सज्जा अजून उभा आहे. नाना फडणविसांचा वाडा तर शनिवारवाड्याच्या शेजारीच. दोन्ही बघून परत इथल्या जोत्यावर या आणि ते खांब मनाने इथे रोवा. पण नाही. जयपूरला जाताना हजार-बाराशे किलोमीटर आनंदाने जाणाऱ्या माणसाला इथे दीड किलोमीटर चालण्याचा शीण होतो. पार्किंग मिळत नाही म्हणतात.

मग येतो तो लाडका उपाय: पुन्हा बांधा. निवडणुका जवळ आल्या की याला विशेष धुमारे फुटतात. माझा साधा प्रश्न आहे. कोणता वाडा बांधायचा? १० जानेवारी १७३० ला पायाभरणी होऊन २२ जानेवारी १७३२ ला ज्याची वास्तुशांत झाली, तो बाजीरावाचा दुमजली वाडा? त्याला सोळा हजार एकशे दहा रुपये खर्च आल्याचं सांगतात. ज्या बाजीरावाच्या नावाने आपण या वाड्यासमोर अश्वारूढ पुतळा उभारला, तो वास्तुशांतीनंतर आठ वर्षं जगला आणि त्यातली बरीचशी घोड्यावर. मेला तोही पुण्यात नाही, नर्मदाकाठी रावेरखेडीला. की नानासाहेबांनी तट-दरवाजे पुरे करून वाढवलेला वाडा हवा? की सवाई माधवरावाच्या वेळचा, की दुसऱ्या बाजीरावाचा? दर पिढीने पाडलं, बांधलं, जोडलं. सगळ्या मजल्यांचे मोजमापासह नकाशे कोणाच्या कपाटात आहेत? १७९० च्या दरबाराचं थॉमस डॅनियलचं एक मोठं चित्र आहे. त्यात इंग्रज वकील मॅलेट आणि पेशवे दिसतात, पाठीमागे गणपतीची मूर्ती आणि दालनाची कलाकुसर. पण तेही १८०५ साली विलायतेत रंगवलेलं, जेम्स वेल्सच्या कामावरून. एका दालनाच्या अशा एका चित्रावरून सात मजले उभे करायचे म्हणजे इतिहासाच्या नावावर कंत्राट काढायचं.

आणि पुनर्बांधणी काय चीज असते ते बघायला लांब जायला नको. रस्ता ओलांडा. लाल महाल १९८० च्या दशकात महापालिकेने नव्याने बांधला. शिवाजी महाराजांचं बालपण जिथे गेलं, शाइस्तेखानाची बोटं जिथे तुटली, त्या मूळ वास्तूचं रूप कोणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. भाव खरा आहे, श्रद्धा खरी आहे, इमारत मात्र आपल्या काळातली आहे. तिथे जाऊन आलेला माणूस ‘शिवकालीन महाल बघितला’ असं सांगतो आणि त्याचं म्हणणं कोणी दुरुस्तही करत नाही. शनिवारवाड्याचं तसं करायचं? मग लोकांना खरंच काय हवं आहे तेही सांगून टाकतो. त्यांना २०१५ च्या सिनेमातला आरसेमहाल हवा आहे. वाड्यात आरसेमहाल होता, कागदांत त्याचा उल्लेख येतो. पण पडद्यावर जो झगमगाट होता तो बघून मला पुण्याच्या आधी राजस्थान आठवलं. सागवानी खांबांच्या, शेणाने सारवलेल्या पडव्यांच्या आणि सोवळ्या-ओवळ्याच्या या गावात काशीबाई आणि मस्तानी हातात हात घालून पिंगा घालताहेत, हे दृश्य ज्यांना इतिहास वाटलं, त्यांना जोती उदास वाटणारच. मस्तानी दरवाजा तिथे उत्तरेच्या तटात आहे. तो बघायला चार पावलं जाणारे किती?

आता भूत. हा विषय मी टाळला असता, पण ‘भारतातली सर्वांत झपाटलेली ठिकाणं’ या मथळ्याखाली आमच्या वाड्याचं नाव आलं की माझं डोकं फिरतं. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला. गणपतीचे दिवस होते. आणि वेळ दुपारची होती, पौर्णिमेची मध्यरात्र नव्हे! भरदिवसा, भरल्या वाड्यात, नोकरमाणसांच्या देखत गारदी शिरले. वय वर्षं अठरा, पेशवेपदावर येऊन वर्षही झालेलं नाही, असा मुलगा चुलत्याला मिठी मारून ओरडतो. हे सगळं लख्ख उजेडात घडलं, ही त्यातली भयानक गोष्ट आहे. तिला रात्रीच्या किंकाळीत गुंडाळून आपण तिचा गोड थरार करून टाकला. शिवाय वाडा संध्याकाळी बंद होतो. ते ऐकायला आत थांबतं कोण?

गारदी आले ते थकलेल्या पगाराचा तगादा लावत. त्यांच्या मागे तोच चुलता, राघोबादादा होते, आणि कोणाच्या मते आनंदीबाईही. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि मारला गेला. आणखीही मेले, त्यांत दासी होत्या. झपाटलेल्या वाड्याच्या एकाही गोष्टीत त्या दासींचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. भुतं होण्याचा मानसुद्धा गादीवरच्यांनाच. नारायणरावाचा देह ज्या दरवाज्याने बाहेर नेला तो नारायण दरवाजा. तो तिथेच आहे, दिवसा बघता येतो. आणि यानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी राज्यकर्त्या राघोबांच्या तोंडावर त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. एखाद्या राजवटीचा न्यायाधीश सत्तेवरच्या माणसाला खुनी म्हणतो आणि पद सोडून निघून जातो, ही गोष्ट सांगायला मिळाली असताना आपण पाहुण्यांना किंकाळ्या ऐकवतो. पुढे सवाई माधवराव, ज्याला चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं मिळाली, तो वयाच्या एकविसाव्या वर्षी याच वाड्यात वरून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. उडी टाकली की तोल गेला, याचा वाद अजून मिटलेला नाही. एवढं ज्या जागेत घडलं तिला मनोरंजनासाठी भूत लागावं?

एक तक्रार वेगळ्या जातीची आहे आणि ती मी हलकी मानत नाही. पेशवाईत ज्यांच्या पूर्वजांना माणसासारखं चालूसुद्धा दिलं गेलं नाही, त्यांनी या तटाकडे कौतुकाने का बघावं? का म्हणून बघावं? कौतुकाने बघाच असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहेच. पण ज्याला इथे फक्त वैभव दिसतं आणि ज्याला वाडा आहे हेच विसरायचं आहे, त्या दोघांनाही हा रिकामा चौक गैरसोयीचा आहे, आणि माझ्या मते तेच त्याचं बळ. आपल्या काळातल्या अभिमानाचं छप्पर त्याच्यावर अजून पडलेलं नाही. इथून थोडं चालत गेलं की बुधवार पेठेत भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. पेशव्यांचा झेंडा उतरून तेव्हा तीसच वर्षं झाली होती. शनिवारवाड्यातून निघून तिथपर्यंत पायी गेलेला माणूस महाराष्ट्राच्या शतकभराचा मोठा पल्ला ओलांडतो. भिडेवाड्याची पडझड आपण वर्षानुवर्षं बघत राहिलो; आता जुनी वास्तू पाडून तिथे स्मारक होतं आहे. म्हणजे तिथे जोत्यावर उभं राहण्याचीही सोय गेली. जोत्यांची किंमत कळायला आणखी काय व्हायला हवं?

मान्य करण्यासारखं एकच: पाट्या वाईट आहेत. त्रोटक, कोरड्या, वाचून कोणाचंही कुतूहल जागं होऊ नये अशा बेताने लिहिलेल्या. चांगला नकाशा हाती देत नाहीत आणि जाणता माणूस बरोबर नसेल तर पाहुणा चाचपडतो. हा दोष पाट्या लिहिणाऱ्यांचा. वाड्याच्या नावावर तो खपवू नका. १९१९ मध्ये ही जागा संरक्षित झाली, मधल्या काळात उगवलेल्या सरकारी इमारती हटवल्या गेल्या आणि उत्खनन करून ही जोती मोकळी केली, तेव्हा त्या माणसांनी आपलं काम चोख केलं. मातीखालून घर शोधून काढलं. पुढचं काम बघणाऱ्यांचं होतं. ते आपण शंभर वर्षांत सुरूही केलेलं नाही.

तेव्हा पुणेकरांनो, पाहुण्याला यापुढे बाहेरून फोटो काढायला सांगू नका. सांगायचंच असेल तर खरं सांगा: ‘मला तिथलं काही ठाऊक नाही.’ यात लाज आहे, पण वाड्याची नाही. आणि पाहुणे हो, दोन तास काढून या. आधी तट बघा, मग वळणाची वाट, मग कोरडं कारंजं आणि त्याच्यामागचा कात्रज, मग नारायण दरवाजा, भरदुपारी. महाल कुठे आहे असं बरोबरच्या कोणी विचारलं, तर १८१७ चा झेंडा आणि १८२८ ची आग ही दोन उत्तरं द्या. छप्पर कुठे आहे विचारलं, तर ग्वाल्हेरला आणि बडोद्याला आहे म्हणून सांगा. आणि तिकिटाच्या खिडकीशी कोणी खांद्यावर हात ठेवून ‘आत काही नाही हो’ म्हणालाच, तर त्याला बाजूला घेऊन विचारा, की दिल्ली दरवाजा सोडून उरलेल्या चार दरवाज्यांची नावं काय?